हर्णैला सेकंडहँड फायबर बोट घेतलीय, परवडेल असा विमा सुचवा

हर्णैचा_पक्या
नमस्कार मंडळी, इथे किनाऱ्यावरचे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. माझ्या चुलतभावाने मे महिन्यात एक सेकंडहँड बोट घेतली, फायबरची, ३२ फुटी, दोन सिलिंडर, गिलनेटवाली (पाण्यात उभी जाळी लावून मासे धरणारी). साडेसात लाखाला सौदा झाला, त्यातले चार लाख बँकेचे. सध्या बोट वर काढून झाप घालून ठेवलीय, १ ऑगस्टला बंदी उठली की बाहेर पडायचं. बँक विम्याच्या मागे लागलीय आणि भावाला कागद म्हटलं की ताप येतो, त्यामुळे ठाण्यात बसून मी फोनाफोनी करतोय.

आतापर्यंत तीन कोटेशन आली. एकाने साडेसात लाखावर "फुल कव्हर" म्हणून १६,८०० सांगितले, प्रत्येक क्लेमला पहिले २५ हजार आपले. दुसऱ्याने साडेसात लाखावरच ९,४०० सांगितले, त्यावर टीएलओ असं लिहिलंय. तिसरं बँकेनेच दिलं, ५,९०० फक्त! साहजिकच भाऊ म्हणतो बँकेचं घेऊन टाक. जुन्या मालकाची पण पॉलिसी आहे, ऑक्टोबरपर्यंत. एजंट म्हणतो तोवर तीच चालेल. मला काही कळेना, एवढा फरक कसा काय? आणि अजून स्वस्तात कुठे मिळेल का?

बंदरावरचा
सगळ्यात स्वस्त म्हणजे न घेतलेला :) आमच्याकडे विचार किती जण घेतात ते. कर्ज असलं तरच घेतात, कर्ज फिटलं की पॉलिसी पण बंद.

मुक्काम_अलिबाग
अरे पण सरकार मच्छिमारांना फुकट विमा देतं ना? मत्स्यसंपदा योजनेत. मग कशाला पैसे घालवायचे.

वेसाव्याची_नाखवीण
अलिबाग दादा, हा गोंधळ सगळीकडे आहे म्हणून नीट लिहिते. तो विमा माणसाचा, बोटीचा नाही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत गट अपघात विमा आहे, १८ ते ७० वयाच्या मच्छिमाराला, अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, अंशतः कायमचं अपंगत्व आलं तर अडीच लाख आणि अपघातात दवाखान्यात राहावं लागलं तर २५ हजारापर्यंत. हप्ता सगळा सरकारचा. नाव नोंदवायला मच्छिमार सोसायटीत नाहीतर मत्स्यव्यवसाय खात्याच्या ऑफिसात जायचं. पक्या, तुझ्या भावाचं आणि तांडेलाचं, म्हणजे बोट चालवणाऱ्याचं, नाव त्यात आहे का ते आधी बघ, फुकटातलं सोडू नको. पण बोट बुडली तर त्यातून एक रुपया यायचा नाही.

बोटीच्या विम्याच्या हप्त्याला मदत हा वेगळा घटक त्याच योजनेत आहे. तो तुमच्या जिल्ह्यात आत्ता चालू आहे का, हे दापोलीच्या नाहीतर रत्नागिरीच्या ऑफिसात समोर जाऊन विचार. फोनवर हो-हो म्हणतात सगळे.

सुकाणू_सोडलेला
मी बरीच वर्षं मरीन सर्व्हेअर होतो, म्हणजे विम्यासाठी बोटी आणि त्यांचं नुकसान तपासणारा, आता निवृत्त. कुठल्या कंपनीची बाजू घेत नाही आणि कुणाला नावं पण ठेवत नाही.

पक्या, हप्ता सगळ्यात शेवटी बघ. तुझी तीन कोटेशनं एकाच मालाची नाहीयेत, म्हणून फरक.

आधी ५,९०० वालं घे. त्यात विम्याची रक्कम किती लिहिलीय? माझी पैज, चार लाख. म्हणजे बँकेने स्वतःच्या कर्जापुरता विमा काढलाय. उद्या बोट गेली तर पैसे आधी बँकेला, पॉलिसीत तसं कलम असतंच, आणि भावाच्या खिशातले साडेतीन लाख समुद्रात. आता मोडतोडीचं. पॉलिसीत बोटीची किंमत चार लाखच ठरवून लिहिली असेल तर गोष्ट वेगळी, पण किंमत साडेसात धरून विमा चारचाच असेल तर राहिलेल्या साडेतीन लाखाचे विमा कंपनी तुम्ही स्वतःच, असं कायद्यातच आहे. मग ६० हजाराची दुरुस्ती निघाली तर त्यातले ३२ हजार धरणार, त्यातून परत तुमचा हिस्सा, म्हणजे प्रत्येक क्लेमला जे पहिले पैसे आपले असतात ते, वजा. बँकेचं कव्हर घ्यायलाच हवं असं नाही. बोटीच्या पूर्ण किमतीची पॉलिसी बाहेरून घ्या आणि त्यावर बँकेचं नाव चढवा. बँकेला बहुतेक वेळा एवढं पुरतं, शाखेत लेखी विचारा.

९,४०० वालं टीएलओ, म्हणजे टोटल लॉस ओन्ली. बोट पूर्ण गेली तरच पैसे. खडकावर घासली, पंखा तुटला, शाफ्ट वाकला, खाडीत दुसऱ्या बोटीने ठोकलं, काही नाही मिळत. काही जणांसाठी ते ठीक असतं, चार बोटी असलेला नाखवा किरकोळ दुरुस्ती स्वतः सोसतो आणि मोठ्या धक्क्यापुरता विमा घेतो. एकच बोट आणि तीही कर्जाची असेल तर मी घेणार नाही.

१६,८०० वालं त्यातल्या त्यात खरं कोटेशन वाटतंय. पण "फुल कव्हर" असं काही नसतं, तो एजंटांचा शब्द. पॉलिसीची कलमं माग. झीज, कुजणं, इंजिन आपोआप बंद पडणं हे कशातच नसतं. मरीन इन्शुरन्स ॲक्टमध्ये तर उंदरांनी केलेलं नुकसान बाहेर आहे असं चक्क लिहिलंय आणि वर काढलेल्या बोटीत उंदीर किती होतात हे तुम्हाला मी सांगायला नको, वायरिंग आणि डिझेलचा पाइप दोन्ही कुरतडतात. जाळी पाण्यात असताना गेली तर साधारणपणे मिळत नाही. पण तांडेलाच्या चुकीने बोट खडकावर गेली तर बऱ्याच पॉलिसीत ते कव्हर होतं, मालकाने स्वतः हयगय केलेली नसेल तर. लोक घाबरून "आपोआप झालं" असं सांगतात आणि उलट अडकतात.

बंदरावरचा
काका एवढं एका दमात. चहा घ्या :)

केळशीवाला
टीएलओचं काकांनी सांगितलं ते आमच्याच घरात झालंय. मामाची बोट खाडीच्या तोंडाशी वाळूच्या बांधावर बसली, ओहोटीला कलंडली आणि लाटांनी भरली. गावातल्या पोरांनी दोर लावून आणि शेवटी जेसीबी आणून ओढली, दोन भरत्या गेल्या त्यात. बोट वर आली पण इंजिनात खारं पाणी, वायरलेस, जीपीएस, बॅटऱ्या सगळं मेलं. कंपनीचं उत्तर काय, तर बोट मिळाली आहे, दुरुस्तीचा खर्च विम्याच्या रकमेपेक्षा कमी आहे, म्हणून टोटल लॉस नाही. शून्य. कागदावर ते बरोबरच होतं म्हणा, पण मामाला पॉलिसी विकताना हे कुणी सांगितलं नव्हतं, मराठीत तर नाहीच. जेसीबीचं बिल पण मामानेच भरलं. मामी अजून बोलते की बोट ओढली नसती तर पैसे मिळाले असते.

सुकाणू_सोडलेला
मामींना सांगा, तसं केलं असतं तर तेही मिळालं नसतं. बोट वाचवायचा वाजवी प्रयत्न करणं हे मालकाचं काम धरतात, हात बांधून बघत बसलात की क्लेम तिथेच संपला. उलट चांगल्या पॉलिसीत बोट वाचवायला केलेला खर्च, म्हणजे दोर, ओढणारी बोट, तुमचा जेसीबी, वेगळा मागता येतो. तशी तरतूद आहे का हे पॉलिसी घेतानाच विचारायचं. पक्या, हे लिहून ठेव.

विमा_मित्र
नमस्कार, मी याच क्षेत्रात आहे. कमी हप्त्यात हवं असेल तर १० महिन्यांची पॉलिसी काढा, ऑगस्ट ते मे. जून-जुलै बोट घरातच असते, उगाच पैसे कशाला. अधिक माहितीसाठी संपर्क करा, नंबर प्रोफाइलमध्ये.

वेसाव्याची_नाखवीण
भाऊ, धाग्यावर जाहिरात नको. आणि हा सल्ला हर्णैच्या माणसाला देताय?? निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं. म्हणजे ऐन जूनमध्ये. बोटी काठावर होत्या तरी दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात काय झालं ते विचारा तिकडच्यांना. झाडं पडली, शेड उडाल्या, काठावरच्या बोटी एकमेकींवर आपटल्या.

केळशीवाला
+१. आणि त्यानंतर सरकारी मदत किती, तर तेव्हाच्या केंद्राच्या निकषात पूर्ण नष्ट झालेल्या होडीला ९,६०० रुपये. राज्याने वाढवून दिले, पण तेवढ्यात बोट काय, तिचं सुकाणू पण येणार नाही. मदत आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी हे त्या वेळी आमच्या गावात बऱ्याच जणांना पहिल्यांदा समजलं.

विमा_मित्र
ताई, मी फक्त एक पर्याय सांगितला. ग्राहकच म्हणतो कमी करा कमी करा, आम्ही काय करणार? १२ महिन्यांचं सांगितलं की फोनच उचलत नाहीत. बाकी सुकाणू सरांचं बरोबर आहे.

सुकाणू_सोडलेला
मित्राचं पण एकदम खोडून काढू नका. काही पॉलिसीत बोट वर असण्याच्या काळातला थोडा हप्ता परत मिळतो किंवा आधीच कमी लावतात, पण कव्हर मात्र चालू राहतं. विमा बंद करणं आणि बोट "वर आहे" असं कळवून हप्ता कमी करून घेणं यात फरक आहे. दुसरं मागा, पहिलं नको.

तारकर्ली_बोटवाला
पक्या, बरा केलस धागो काढलस तो. आमचं थोडं वेगळं, आमची प्रवासी बोट, सिंधुदुर्ग किल्ला आणि डॉल्फिन फेरी. आमच्याकडे परवाना मेरीटाइम बोर्डाचा, आणि बोटीपेक्षा मोठा प्रश्न वर बसलेल्या माणसांचा. २४ मे २०२२ ला तारकर्लीला बोट उलटून दोन पर्यटक गेले, मग १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेवरून घारापुरीला जाणारी नीलकमल बुडाली. त्यानंतर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोट सोडायची नाही हे सगळ्यांच्या डोक्यात बसलं, निदान काही महिने तरी, खरं सांगायचं तर.

मुद्दा हा की प्रवासी बोटीला नुसत्या हलचा, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा, विमा काढून काही उपयोग नाही, प्रवाशांची जबाबदारी त्यात पाहिजे. आणि परवान्यावर जेवढी माणसं लिहिलीत त्याच्यावर एक जरी चढवलात तरी कंपनीच्या हातात कोलीत. सीझनला पर्यटकच भांडतात, "आमचा एकच माणूस उरलाय, घ्या ना". नाही घ्यायचा.

हर्णैचा_पक्या
बापरे, एका दिवसात एवढे रिप्लाय. सगळ्यांचे आभार. काका, तुमची पैज बरोबर, बँकेच्या कोटेशनवर बारीक अक्षरात चार लाख आहे. भावाला फोटो पाठवला तर म्हणतो "म्हणजे विमा बँकेचा आणि हप्ता माझा". आता दोन प्रश्न. जुन्या मालकाची पॉलिसी खरंच चालेल का? आणि १६,८०० खाली आणता येतील का, कुठे काटछाट केली तर चालते?

सुकाणू_सोडलेला
जुनी पॉलिसी चालणार नाही. गाडीचा थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो म्हणून लोकांना वाटतं बोटीचंही तसंच. मरीन हलमध्ये बोट विकली की पॉलिसी आपोआप तुमची होत नाही. कंपनीने लेखी मान्यता देऊन तुमच्या नावावर केली तर गोष्ट वेगळी, नाहीतर साधारण कलमांप्रमाणे मालक बदलला तिथे पॉलिसी संपली. म्हणजे मेपासून तुमची बोट बिनविम्याची उभी आहे. नोंदणी भावाच्या नावावर झाली का? रिअलक्राफ्टवर (सरकारचं बोट नोंदणीचं पोर्टल) हस्तांतर, मासेमारीचा परवाना, बँकेचा बोजा, हे तिन्ही जुळत नसतील तर कुठलाही सर्व्हेअर पहिला शेरा तोच मारेल. नोंदणी क्रमांक, आयएनडी-एमएचने सुरू होणारा, बोटीवर रंगवलेला आणि कागदावरचा एकच आहे ना बघ. जुन्या बोटीवर एक आकडा पुसलेला असतो आणि क्लेमच्या वेळी तोच आकडा वर येतो.

काटछाट कुठे करायची. तुमचा हिस्सा २५ वरून ४० हजार केला तर हप्ता उतरेल, कितीने ते विचार. किरकोळ दुरुस्तीसाठी तसंही कुणी क्लेम करत नाही, कागद जमवण्यातच दोन दिवस धंदा बुडतो. तिथे वाचवा. किमतीत वाचवू नका. साडेसातची बोट पाच दाखवून हप्ता कमी करायचा मोह सगळ्यांना होतो. आणि उलटंही नको, दहा दाखवून. सौद्याचे कागद बँकेत आहेतच.

आणि अटी वाच, ज्याला वॉरंटी म्हणतात. इथे आपला कायदा कडक आहे. किती सागरी मैलाच्या आत राहायचं, तांडेलाकडे काय असलं पाहिजे, किती माणसं बोटीवर, इशारा असताना बाहेर पडायचं नाही. यातली एक जरी मोडली तरी तिथून पुढे कंपनीची जबाबदारी संपते, मग मोडलेल्या अटीचा आणि बुडण्याचा संबंध असो नसो, आणि नंतर दुरुस्त केली तरी. इंग्लंडने २०१५ मध्ये नवीन कायदा आणून हे सैल केलं, आपण अजून १९६३ च्या कायद्यावर. म्हणून जी अट भावाला पाळता येणार नाही ती आधीच बदलून घे. हर्णैचं उदाहरण घे. प्रपोजल फॉर्मवर "बोट कुठे उभी असते" विचारतात. एजंट हर्णै लिहून मोकळा होतो. पण वारा फिरला की तुम्ही लोक बोटी आंजर्ले खाडीत नेता, कधी दाभोळ, कधी जयगड. ती नावं पण लिहा. नाहीतर नेमक्या वादळाच्या रात्री बोट आंजर्ल्याला आणि पॉलिसी हर्णैला.

केळशीवाला
आंजर्ल्याचं मुख गाळाने भरलंय ते पण लिहायचं का फॉर्मवर? :(

सुकाणू_सोडलेला
विनोद सोडला तरी, धोका माहीत असून लपवला असं ठरलं तर पॉलिसीच रद्द होते. विचारलेलं सगळं खरं लिहा, न विचारलेलं पण महत्त्वाचं असेल ते पण लिहा. मरीन विमा सगळा यावरच उभा आहे.

बार्नेगट_बापू
मी न्यू जर्सीत असतो, मूळ मुरूडचा. इथे माझी छोटी सेलबोट आहे, हौसेची, तुमच्यासारखी पोटाची नाही, त्यामुळे तुलना नको पण काही गोष्टी सारख्या वाटल्या. इथे राज्याचा कायदा बोटीचा विमा सक्तीचा करत नाही, पण विम्याचा कागद दाखवल्याशिवाय मरीना बोट बांधायला जागा देत नाही, म्हणजे सक्तीचाच झाला. इथेही दोन भाव मिळतात. एक ठरलेली किंमत, बोट गेली की तेवढे पूर्ण. दुसरा त्या दिवशीच्या बाजारभावाने, घसारा कापून. दुसरा स्वस्त, आणि नवखे तोच घेतात. हिवाळ्यात बोट पाण्याबाहेर असते त्याची सूट मिळते, बोटिंगच्या सुरक्षेचा कोर्स केला तर मिळते, घराचा विमा त्याच कंपनीत असेल तरी मिळते. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी आलं त्यात आमच्या खाडीतल्या कितीतरी बोटी लोकांच्या अंगणात जाऊन बसल्या. वादळाआधी बोट बाहेर काढायला जो खर्च येतो त्याचा काही हिस्सा इथल्या काही पॉलिसी देतात. तिकडे आहे का असं?

सुकाणू_सोडलेला
बापू, मासेमारीच्या बोटींना असं वेगळं कलम माझ्या पाहण्यात आलं नाही. वाचवायच्या खर्चाचं मी वर लिहिलं तेच मागायचं. कोर्सची सूट इथे कुणी देत नाही, पण वायरलेस, लाइफ जॅकेट, ट्रान्सपॉन्डर (बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र) हे असेल तर प्रस्तावाबरोबर फोटो जोडा, घासाघीस करताना उपयोगी पडतं. ट्रान्सपॉन्डर तर सरकार फुकट बसवून देतंय, ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाली ती एक लाख बोटींची योजना. काही जण मुद्दाम बंद ठेवतात, कुठे मासे मारतो ते कळू नये म्हणून :)

बंदरावरचा
ते मुद्दाम बंद ठेवणारे कोण ते सगळ्यांना माहिती आहे. एलईडी दिवे लावून मासे ओढणारे आणि पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या घेरी जाळ्याचे. त्यांना विमा मिळतो आणि आम्हाला प्रश्न विचारतात.

मुक्काम_अलिबाग
झालं सुरू. सगळेच पर्ससीनवाले चोर नाहीत, परवाना असलेले पण आहेत, सप्टेंबर ते डिसेंबर मुदत पाळणारे.

बंदरावरचा
मुदत पाळतात? खरंच? रात्री ये दाखवतो.

सुकाणू_सोडलेला
हा वाद दुसऱ्या धाग्यावर. विम्यापुरतं सांगतो. बेकायदा फेरीला विमा लागू नाही, ही अट पॉलिसीत लिहिलेली नसली तरी कायद्याने धरलेलीच असते. एलईडी लावून किंवा बंदीच्या काळात बाहेर पडलेली बोट बुडली तर हप्ता भरलेला असून उपयोग नाही. बंदरावरच्या, त्यामुळे तुझा राग थोडा कमी कर.

वेसाव्याची_नाखवीण
पक्या, हप्ता कमी करायचा एक रस्ता कुणी बोललंच नाही. सोसायटी. एकट्या बोटीसाठी एजंट भाव करत नाही पण सोसायटीने तीस-चाळीस बोटींची यादी घेऊन कंपनीच्या डिव्हिजनल ऑफिसात जायचं, एजंटकडे नाही. सरकारी चार कंपन्या आहेत, न्यू इंडिया, ओरिएंटल, युनायटेड इंडिया, नॅशनल, आणि खासगी पण आहेत, तिघा-चौघांकडून एकाच तारखेला, एकाच रकमेवर, एकाच अटींवर कोटेशन मागायचं. अटी आपण टाइप करून द्यायच्या, त्यांनी फक्त आकडा भरायचा. असं केलं की कोण कुठे काय कापतंय ते लगेच दिसतं. आमच्याकडे एका कंपनीने आधी "मासेमारी बोटी करत नाही" म्हणून सांगितलं होतं, यादी बघितल्यावर त्यांचाच माणूस धक्क्यावर आला.

सोसायटीचा एक फायदा अजून, क्लेम झाला की सेक्रेटरी मागे लागतो. एकटा मच्छिमार दोन फेऱ्यात दमतो.

आणि खलाशी विसरू नको. तुमच्याकडे नेपाळी पोरं असतात ना बोटीवर? त्यांचा वेगळा कव्हर घे, नावानिशी घेतलास तर दर सीझनला नावं बदलावी लागतील, म्हणून माणसांच्या संख्येवर मिळतो का विचार. मालक म्हणून जबाबदारी भावाचीच.

केळशीवाला
ताई, आमच्या सोसायटीत डिझेल परताव्याच्या मीटिंगशिवाय कुणी येत नाही.

वेसाव्याची_नाखवीण
मग त्याच मीटिंगला काढ विषय. बायकांना घेऊन जा, हिशोब त्याच ठेवतात.

विमा_मित्र
ताईंशी सहमत (माझं नुकसान असून). गटात भाव खरंच उतरतो. फक्त गटात एखाद्याने खोटा क्लेम केला की पुढच्या वर्षी सगळ्यांचा हप्ता चढतो, ते पण सांगा लोकांना.

तारकर्ली_बोटवाला
क्लेम नाकारला तर पुढे काय ते पण लिहा कुणीतरी. माझा एक तसाच अडकलाय.

सुकाणू_सोडलेला
आधी नाकारू देऊ नका :) घटना घडली की त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा, व्हॉट्सॲप पुरेसं नाही, ईमेल करा. समुद्रात असाल तर तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, हे नंबर तांडेलाच्या फोनमध्ये पाहिजेतच, माणसं वाचणं पहिलं, आणि नंतर ती नोंद पुरावा म्हणूनही लागते. किनाऱ्याला आल्यावर पोलीस ठाण्यात आणि बंदर अधिकाऱ्याकडे जबाब. सर्व्हेअर येईपर्यंत तुटलेले भाग फेकू नका. वाकलेला शाफ्ट भंगारवाल्याला विकून टाकला आणि मग सर्व्हेअरला बिल दाखवलं असे किती पाहिलेत मी.

तरी नाकारला तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी. महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, मुंबईत आणि पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखापर्यंतचा दावा ऐकतात. स्वतःच्या नावावर छोटा धंदा असणाऱ्यालाही जाता येतं. नाहीतर ग्राहक आयोग. तिथे कंपनी म्हणते "हा धंद्यासाठी घेतलेला विमा, हा ग्राहक नाही", पण सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय की विमा नुकसान भरून काढायला घेतात, नफा कमवायला नाही, त्यामुळे नुसत्या तेवढ्या कारणाने हाकलता येत नाही. बोटवाले, नाकारल्याचं पत्र लेखी घेतलंय का? नसेल तर पहिलं ते घ्या.

तारकर्ली_बोटवाला
तोंडीच सांगतत "होवचा नाय". उद्याच पत्र मागतंय.

हर्णैचा_पक्या
अपडेट देतो. बँकेच्या शाखेत भाऊ स्वतः जाऊन आला (!). बाहेरची पॉलिसी चालेल, त्यांचं नाव त्यावर पाहिजे एवढंच. १६,८०० वाल्याला हिस्सा ४० हजार करून विचारलं तर १४,२०० वर आला, १२ महिने, आंजर्ले, दाभोळ आणि जयगडचं नाव घालून, वाचवायच्या खर्चाचं कलम लेखी दाखवलंय. दुसऱ्या दोन कंपन्यांकडे त्याच अटी टाइप करून पाठवल्यात नाखवीण ताईंच्या पद्धतीने, एकाचं उत्तर यायचंय. सोसायटीचं या वर्षी जमणार नाही, पण सेक्रेटरी पुढच्या सीझनला बघू म्हणाले. नोंदणीचं हस्तांतर अडकलंय, जुन्या मालकाची एक सही राहिलीय आणि तो लग्नाला मुंबईकडे.

कंपनीचा सर्व्हेअर येणार आहे बोट बघायला. बोट पाण्यात घालून दाखवायची की वरच असताना?

सुकाणू_सोडलेला
वरच! अगदी वरच. तळ, सुकाणू, शाफ्ट, पंखा सगळं उघडं दिसतं, पाण्यात गेल्यावर कोण बघणार. झाप काढून ठेवा, तळाचं शेवाळ आणि शिंपले खरवडून घ्या, पण नवीन रंग लगेच मारू नका. ताजा रंग दिसला की सर्व्हेअरला वाटतं खाली भेग बुजवलीय, मी तर नखाने खरवडून बघायचो. इंजिन नंबरवरचं ग्रीस पुसून ठेवा, फोटो तिथेच काढतात. कुठे जुनी फायबरची दुरुस्ती असेल तर स्वतःहून दाखवा, अहवालात आली की पुढे ती तुमच्याच कामाला येते. आणि अहवालाची प्रत मागून घ्या.

सही मात्र आधी आणा. लग्नात जाऊन आणा.

हर्णैचा_पक्या
लग्न कल्याणला आहे, मलाच पाठवतोय भाऊ. जेवण तरी होईल.

मुक्काम_अलिबाग
माझ्या मेव्हण्याची रेवसला बोट आहे, लाकडी, जुनी. त्याला पण हे सगळं असंच लागू ना?

सुकाणू_सोडलेला
बरंचसं. पण लाकडाला वय, कीड आणि कुजणं हे तिन्ही येतं, जुन्या लाकडी बोटी बऱ्याच कंपन्या घेतच नाहीत किंवा फक्त टीएलओ देतात. किती साली बांधली, शेवटच्या फळ्या कधी बदलल्या, इंजिन कुठलं, हे घालून वेगळा धागा काढा, इथे मिसळ नको.